रेडिएटरचे पाइप बदलताना

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी आजही ती अनेक घरांसमोर उभी दिसते. बाजारहाट, मुलांची शाळा एवढ्यापुरती ती तक्रार करत नाही. पण ईदला पाच माणसं आणि सामान घेऊन कशेडी किंवा कुंभार्ली घाट चढायचा म्हटला, की जुन्या पाइपांची परीक्षा होते. इंजिन आणि रेडिएटरमधला रबरी होज पाइप वाटेत फुटला तर काही मिनिटांत सगळं पाणी रस्त्यावर येतं. तशीच गाडी पुढे दामटली तर गॅसकेट जातं, हेड वाकतं, आणि पाइपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

हा पाइप फसवा असतो. वरून काळाभोर दिसतो, कुजतो मात्र आतून, आणि तेही बहुधा क्लिपजवळच्या एक-दोन इंचांत. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पाइप आधी टोकाशी आणि मग मधोमध चिमटीत दाबून पाहा. टोकाचा भाग जास्त मऊ, पिचपिचीत लागला तर तो बदलायला झाला. फुगलेला, चिकट किंवा लाकडासारखा कडक पाइपही ठेवू नये.

दुकानात जुना पाइप सोबत न्या आणि आपल्या मॉडेलचा, त्याच वळणाचा साच्यातला पाइप मागा. सरळ पाइप वाकवून बसवला तर तो वळणावर दुमडतो आणि पाणी अडतं. 'चालतो हो' असं मिस्त्री म्हणाले, तरी ऐकू नका. पाइपाचं कापलेलं तोंड बघा. रबराच्या मधे धाग्याचा थर हवा आणि जाडी सगळीकडे सारखी हवी. चांगल्या पाइपावर बहुधा ईपीडीएम असं छापलेलं असतं. हे रबर उष्णता सोसतं, पण तेल सोसत नाही. तेव्हा इंजिनातून तेल गळत असेल तर आधी ते बंद करून घ्या, नाहीतर नवा पाइपही फुगेल. खालच्या पाइपात मुळात स्प्रिंग असेल तर ती फेकू देऊ नका. पाणी ओढलं जाताना पाइप चपटा होऊ नये म्हणून ती असते.

निळ्या-लाल सिलिकॉन पाइपांचा सध्या बराच बोलबाला आहे. ते टिकतात, पण महाग असतात आणि साध्या खाचांच्या क्लिपने कापले जातात. घरच्या गाडीला माझ्या मते चांगला ईपीडीएम पुरेसा आहे.

वरचा, खालचा आणि हीटरचे लहान पाइप एकदमच बदला, क्लिपाही नव्या घ्या. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. काढलेलं जुनं कूलंट अंगणात सांडू देऊ नका. ते चवीला गोड पण विषारी असतं, आणि मुलं, मांजरं त्याकडे जातात. पहिल्या लांबच्या फेरीनंतर, गाडी थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा एकदा आवळून घ्या.