तेरा मतांचा शिक्का आणि हॅलिबर्टनचे मोल

खेळाडूचे मोल केवळ गुणफलकावरून ठरवायचे म्हटले, तर निवाडा झटपट होतो. तो न्याय्य असतोच असे नाही. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत इंडियाना पेसर्सकडून खेळणारा टायरीस हॅलिबर्टन याच्यावर झालेली टीका हे अशा घाईच्या निवाड्याचे ताजे उदाहरण होय.

एप्रिल २०२५मध्ये ‘द ॲथलेटिक’ने एनबीएतील खेळाडूंचे निनावी मत घेतले. ‘योग्यतेपेक्षा अधिक गाजलेला खेळाडू कोण?’ या प्रश्नाला सर्वाधिक, म्हणजे १४.४ टक्के मते हॅलिबर्टनच्या नावावर पडली. प्रश्नाला उत्तर देणारे खेळाडू होते ९०. याचा अर्थ, हे मत अवघ्या तेरा जणांचे होते आणि उरलेल्या सत्याहत्तर जणांनी अन्य नावे घेतली होती. तथापि ‘सहकाऱ्यांच्याच मते हा खेळाडू फुगवलेला’ असा मथळा एकदा रूढ झाला, की त्यामागचे गणित तपासण्याची तसदी कोण घेतो? पुढील दोन महिने दूरचित्रवाणीवरील प्रत्येक चर्चेत हा शिक्का त्याच्या नावापुढे राहिला.

त्याच दोन महिन्यांत मैदानावर काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. मिलवॉकीविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, अतिरिक्त वेळेत सात गुणांनी मागे पडलेल्या पेसर्सला त्याच्या अखेरच्या फेकीने ११९-११८ असा विजय मिळवून दिला. पूर्व विभागात अव्वल ठरलेल्या क्लीव्हलँडविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने जेमतेम एक सेकंद उरला असताना तीन गुणांची फेक साधली, निकाल १२०-११९. न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्यात शेवटची तीन मिनिटेही उरली नसताना चौदा गुणांची पिछाडी होती. त्याची अखेरची फेक कड्यावर आपटून उंच उडाली आणि पुन्हा कड्यातच पडली. बरोबरी झाली आणि अतिरिक्त वेळेत पेसर्स जिंकले. ५ जून रोजी ओक्लाहोमा सिटीविरुद्ध अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात ०.३ सेकंद शिल्लक असताना त्याने १११-११० असा निकाल फिरवला. संपूर्ण सामन्यात पेसर्सला मिळालेली ती एकमेव आघाडी होती.

टीकाकारांची बाजू सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. हॅलिबर्टन काही सामन्यांत अगदीच शांत असतो. न्यूयॉर्कविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्याने केवळ ८ गुण केले, तर अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ४. त्यातही मैदानी फेकींपैकी एकही यशस्वी झाली नाही. पहिल्या फळीच्या खेळाडूने असे अदृश्य होऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु एका वाईट रात्रीवरून स्वभावदोषाचे निदान करणे आणि चांगल्या रात्रीचे श्रेय नशिबाला देणे, हा पक्षपात झाला. चार वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध एकच गोष्ट चार वेळा घडली, तर तिला योगायोग म्हणणे कठीण आहे.

मुळात या खेळाडूचे काम गुण करण्यापुरते नाहीच. चेंडू वेगाने पुढे नेणे, बचाव फळी सावरण्यापूर्वी योग्य सहकाऱ्याला तो देणे आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती न लागू देणे, यांवर पेसर्सची सारी रचना उभी आहे. २०२३-२४च्या हंगामात सामन्यामागे १०.९ असिस्टसह तो स्पर्धेत अव्वल होता. २०२४-२५मध्ये त्याची सरासरी होती १८.६ गुण आणि ९.२ असिस्ट, आणि चेंडू गमावण्याचे प्रमाण सामन्यामागे १.६ इतकेच. न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड करताना त्याने एकदाही चेंडू गमावला नाही. न गमावलेल्या चेंडूची चित्रफीत मात्र निघत नाही. पंधरा सेकंदांच्या तुकड्यांवर पोसलेल्या प्रसारमाध्यमांना या संयमाचे चित्रण करता येत नाही, म्हणून तो त्यांच्या हिशेबातही येत नाही.

यात भूगोलाचाही वाटा आहे. इंडियानापोलिस हे न्यूयॉर्क वा लॉस एंजेलिससारखे मोठे बाजारपेठेचे शहर नव्हे. त्यात हॅलिबर्टनची फेकण्याची ढब पुस्तकी नाही. २०२०च्या निवडप्रक्रियेत त्याचे नाव बाराव्या क्रमांकावर आले आणि २०२२मध्ये सॅक्रामेंटोने त्याला दुसऱ्या संघाकडे सोपवले. तारांकित खेळाडूची जी प्रतिमा आधीच ठरलेली असते, तिच्यात तो बसत नाही. आणि दोष प्रतिमेला न देता खेळाडूला दिला जातो.

आपल्याकडील वाचकांना हे अनोळखी वाटू नये. इंदूरमध्ये जन्मलेल्या राहुल द्रविडवर संथपणाचा शिक्का बसला होता आणि १९९८मध्ये त्याला एकदिवसीय संघातून वगळण्यातही आले होते. पुढच्याच वर्षी विश्वचषकात ४६१ धावांसह तो सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला.

हॅलिबर्टनच्या कथेचा शेवट मात्र इतका सुखद झाला नाही. अंतिम फेरीत पोटरी दुखावलेली असतानाही तो खेळत राहिला. २२ जून रोजी सातव्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात, तीन गुणांच्या तीन फेकी साधल्यानंतर, त्याच्या पायाची अकिलीज कंडरा तुटली. पेसर्स ९१-१०३ असे हरले. खेळण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता, त्याचे खापर टीकाकारांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु मोक्याच्या क्षणी तो कच खातो, असे म्हणणाऱ्यांनी तरी आता आपले शब्द तपासून पाहावेत.

त्याच्याविना २०२५-२६च्या हंगामात उतरलेला पेसर्सचा संघ गुणतक्त्याच्या तळाशी घसरला. माइल्स टर्नरचे मिलवॉकीला जाणे हेही त्याचे एक कारण आहे. तरीही अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचलेला संघ एका वर्षात इतका खाली येतो, तेव्हा मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. टीका हा क्रीडा पत्रकारितेचा अधिकारच आहे; पण खेळाडूकडून ज्या कामाची अपेक्षा आहे, त्याच कामावर त्याला जोखणे हे तिचे पहिले कर्तव्य. तेरा मतांचा मथळा एका दिवसात होतो. त्याखाली झाकलेले काम दिसायला इंडियानाला एक हरवलेला हंगाम खर्ची घालावा लागला.