गामाच्या आधीचा पाहुणा

युरोपीय दर्यावर्दी म्हटला की आपल्या पाठ्यपुस्तकांना वास्को द गामा आठवतो. २० मे १४९८ रोजी तो कालिकतजवळ उतरला आणि जणू त्या दिवशी हिंदुस्थानचा ‘शोध’ लागला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. परंतु त्याच्या सुमारे पाव शतक आधी रशियातील त्वेर नगरीचा अफनासी निकितिन हा व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यातील जुन्नरला पावसाळाभर राहिला, हे पुण्यातील किती सुशिक्षितांना ठाऊक आहे?

निकितिनच्या पाठीशी ना राजा होता, ना आरमार. व्होल्गा नदीतून जाताना आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. इराण ओलांडून तो होर्मुझला आला आणि एक घोडा घेऊन मस्कत, दीव, खंबायत असा सागरी मार्गाने चौलला पोचला. दख्खनच्या फौजांना परदेशी घोडे लागत. त्यात चार पैसे सुटतील, एवढाच त्याचा हिशेब. जुन्नरच्या बहामनी अंमलदाराने तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदलल्यास घोडा व वर हजार मोहरा देऊ, अशी अट घातली. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, म्हणून त्याचा धर्मही वाचला आणि घोडाही.

पुढे तो बीदरला गेला. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आणि समुद्रात चाचे फार, अशी व्यापाऱ्याची रोखठोक नोंद त्याने केली. याहून मोलाची नोंद दुसरी आहे. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात, त्यांच्यापुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात आणि खेड्यांतली रयत मात्र कंगाल आहे, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. दाभोळहून परतताना, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच तो वारला. उरले ते त्याचे टिपण.

गामाही धाडसी होता, हे नाकारण्याचे कारण नाही. दोघांतील फरक धैर्याचा नसून व्यापाराच्या अटींचा आहे. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत गामाने यात्रेकरूंनी भरलेले जहाज लुटून शेकडो माणसांसह जाळले. त्यानंतर पोर्तुगिजांनी हिंदी महासागरात परवान्याची सक्ती केली. ज्या समुद्रावर कोणा एकाची मालकी नव्हती, तेथे तोफेच्या जोरावर मक्तेदारी आली. साम्राज्यशाहीचे अर्थशास्त्र ते हेच.

तथापि येथेच थांबणे आपल्या सोयीचे असले, तरी सत्याला धरून होणार नाही. आपल्या दारिद्र्याचे सारे खापर परक्यांच्या माथी मारण्याची सवय आपल्या चळवळीतही आहे. निकितिनने पाहिलेली कंगाल रयत गामाच्या आधीची आहे. परकीय लुटीने शोषण वाढविले, त्याला जागतिक रूप दिले. पण त्याचा पाया घरच्याच सरंजामशाहीने घातला होता. परका गेला म्हणजे शोषण गेले, असे मानणाऱ्यांना १९४७ नंतरच्या खेड्यांनी पुरेसे उत्तर दिले आहे.

गोव्यात आजही एक शहर गामाचे नाव मिरविते. निकितिनच्या वाट्याला रेवदंड्यातले स्मारक आले. नावे बदलण्याचा आग्रह मी धरीत नाही. मात्र जुन्नरच्या मुलांना इतिहास शिकविताना हा पाहुणा आणि त्याने पाहिलेली रयत, दोघांचीही ओळख करून द्यावी. तोफा घेऊन आलेल्याला आपण पाचशे वर्षे लक्षात ठेवले. आपल्या गरिबांची नोंद करणाऱ्याला विसरणे शोभत नाही.