आजी, जपान आणि चकची चावी

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना," असं मैत्रीण म्हणाली तेव्हा मला आधी हसूच आलं. कारण मी कॉन्व्हेंटवाली! शाळेत तोंडातून मराठी शब्द निघाला की दंड. त्यामुळे माझं मराठी म्हणजे निम्मं आजीचं आणि निम्मं सिरियलचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांकडे वाचकांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष करावं, ही विनंती.

विषय मात्र भारी आहे. गेल्या जूनमध्ये परीक्षा संपल्यावर मी बारा दिवस टोकियोला मावशीकडे राहून आले. (तिकीट मावशीने काढलं, उगाच गैरसमज नको!) मावशी राहते एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला. 2000 सालच्या आसपास ‘वायटूके’च्या कामासाठी भारतातून जे सॉफ्टवेअरवाले जपानला गेले, त्यातले बरेच या भागात राहिले. आज तिथे मराठी घरंही पुष्कळ आहेत. आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तर 2019 साली याच एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले होते. म्हणजे जपानमध्ये मराठी नगरसेवक!

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन आणि रोबोट येतात. मला मजा वाटली ती मात्र अगदी बारक्या बारक्या गोष्टींची. आणि गंमत अशी की दर वेळी वाटायचं, अरे, हे आपण कुठेतरी पाहिलंय. कुठे? अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी, आजीच्या घरात!

पहिली गोष्ट पाण्याची. मी निघाले तेव्हा गावात टँकर सुरू होता आणि उतरले ती थेट धो धो पावसात. जून म्हणजे तिथला ‘त्सुयु’, पावसाळी महिना. तरी मावशीच्या टॉयलेटमध्ये काय दिसावं? फ्लशच्या टाकीच्या झाकणावरच छोटंसं बेसिन आणि त्याला वाकडी तोटी. फ्लश केलं की टाकी भरायला येणारं स्वच्छ पाणी आधी त्या तोटीतून पडतं. त्यात आपण हात धुवायचे, आणि तेच पाणी खाली टाकीत जाऊन पुढच्या फ्लशला कामी येतं. ना पंप, ना सेन्सर! अशा टाक्या तिथे कितीतरी घरांत आहेत. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘क्या दिमाग है’ म्हणून भराभर अंगठे आले.

रात्री पडल्या पडल्या आठवलं. 2012-13चा दुष्काळ. जालना जिल्हा त्यात किती होरपळला हे घरोघरी ठाऊक आहे. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. आजी भाजी धुतलेलं पाणी भांडी विसळायला वापरायची आणि भांडी विसळलेलं पाणी परसातल्या केळीला. मी तेव्हा नाक मुरडून "किती गावठी!" म्हटलं होतं. आजीला कुणी अंगठा दिला नाही.

दुसरी गोष्ट भुरक्याची. एका नूडल्सच्या दुकानात शेजारी टाय लावलेले एक साहेब बसले होते. त्यांनी वाटीला तोंड लावून असा काही भुरका मारला की मी दचकलेच. मावशी म्हणाली, इथे नूडल्स खाताना आवाज चालतो. उलट चारचौघांत जोरात नाक शिंकरलं तर लोकांना कसंसं होतं. आमच्या शाळेत सूप पिताना आवाज न करण्याचे धडे होते. ते शिकून मी सुट्टीत गावी गेले आणि बशीतून चहा भुरकणाऱ्या आजोबांना म्हटलं, "आजोबा, मॅनर्स!" बिचारे माझ्यासमोर कपाने चहा प्यायला लागले आणि जीभ भाजून घेतली.

तिसरी गोष्ट तर ऐकाच. मावशीचा मुलगा पहिलीत आहे. सकाळी पिवळी टोपी घालून, दप्तर पाठीवर टाकून तो घरातून निघताना ओरडतो, "इत्तेकिमासु!" अर्थ काय? ‘जाऊन येतो’. नुसतं ‘जातो’ नाहीच! आणि घरातला माणूस उत्तर देतो, "इत्तेराश्शाइ", म्हणजे ‘जाऊन ये’. आता सांगा, "जाते म्हणू नये माय, येते म्हणावं," हे प्रत्येक वेळी उंबऱ्यात थांबवून कोण सांगायचं?

नोकरीसाठी जपानी शिकणारे आपल्या कॉलेजातही आहेत, त्यांच्यासाठी एक टीप. मी सुरुवातीला प्रत्येक वाक्य इंग्रजीतून जपानीत न्यायला बघत होते आणि सगळी उलटापालट होत होती. मावशी म्हणाली, "मराठीत विचार कर की!" ‘तोक्यो नी इकिमासु’ म्हणजे ‘टोकियोला जाते’. ‘नी’ म्हणजे आपला ‘ला’, आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ‘आमे देसु ने’ म्हणजे ‘पाऊस आहे ना’. शेवटचा ‘ना’सुद्धा जवळजवळ तोच! जिच्यासाठी लहानपणी दंड भरला, ती भाषा अशी परदेशात कामाला आली.

चौथी गोष्ट इंजिनिअर मंडळींसाठी. मेट्रोत पहिल्या डब्यात उभं राहिलं की काचेतून ड्रायव्हर दिसतो. पांढरे हातमोजे घातलेला हा गृहस्थ प्रत्येक सिग्नलकडे बोट करून काहीतरी पुटपुटत असतो. मला वाटलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? नंतर कळलं, या पद्धतीला ‘शिसा कांको’ म्हणतात. जे तपासायचं त्याच्याकडे बघायचं, बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं. वाफेच्या इंजिनांच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. काम सवयीचं झालं की डोळे बघतात पण डोकं बघत नाही. बोट आणि आवाज त्याला जागं करतात. जपानच्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 1994 साली याची चाचणी घेतली, तेव्हा साध्या कामातल्या चुका सुमारे 85 टक्क्यांनी कमी झाल्या. न्यूयॉर्कच्या सबवेनेही 1996 साली यातली बोट दाखवण्याची रीत उचलली.

आणि आमची आजी? परगावी निघताना दारात उभी राहून बोटाने दाखवत म्हणते, "ग्यास बंद. नळ बंद. देवाजवळचा दिवा इझला. कुलूप लागलं." मग कुलूप दोनदा ओढून बघते. आम्ही सगळे हसायचो.

आता कुणी म्हणेल, "बघा, आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच!" थांबा. माझं म्हणणं ते नाही. आजीच्या घरातलं सगळंच काही घेण्यासारखं नव्हतं. गड्याचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा असायचा, आणि ते आठवलं की मला आजही लाज वाटते. आपली काळजी, आपला नीटनेटकेपणा उंबऱ्याच्या आत. बाहेर गेलं की संपलं! घर आरशासारखं आणि केर कंपाउंडच्या पलीकडे. जपान्यांनी तीच घरातली शिस्त उंबऱ्याबाहेर नेली. पावसात दुकानात शिरताना ओल्या छत्रीला दारातच प्लास्टिकची पिशवी चढवायची, का, तर मागून येणारा घसरू नये. रस्त्यावर कचराकुंडी सापडत नाही, तर चॉकलेटचा कागद खिशातून घरी न्यायचा. शाळेत वर्ग झाडायला शिपाई नाही, पोरं स्वतः झाडतात. मावशीचा मुलगा फरशी पुसण्यात माझ्यापेक्षा तरबेज आहे!

अर्थात तिथेही सगळं गोड नाही. परदेशी म्हणून मावशीला सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी घर भाड्याने मिळालं नव्हतं. म्हणजे त्यांच्याकडेही उंबरे आहेतच. म्हणून मी कुणाची पूजा करायला सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय की ज्याला आपण ‘गावठी’ म्हणून हसतो, त्यातलं चांगलं काय ते ओळखावं आणि ते घराबाहेर काढावं. फॉरेनचा शिक्का बसेपर्यंत थांबू नये.

याची सुरुवात कुठून करायची, ते मला नेमकं माहीत आहे. एक गोष्ट मी आजवर घरी सांगितलेली नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लेथवर काम करताना मी जॉब बसवला, चक आवळलं आणि चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं. चावी सुटली आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. माझी पार्टनर एरवी तिथेच उभी असायची. त्या दिवशी ती पाणी प्यायला गेली होती म्हणून वाचली. भिंतीवर सूचनांचा बोर्ड होता, मी तो रोज वाचत होते. डोळे बघत होते, डोकं नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. मशीन चालू करण्याआधी प्रत्येकाने बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं: "चावी काढली! गार्ड लावलं! मागे कोणी नाही!" तेही मराठीत, ज्या भाषेत आपण घाबरतो त्याच भाषेत. आपल्यातले कितीतरी जण उद्या जालन्याच्याच एमआयडीसीत, स्टीलच्या कारखान्यांत शिफ्टवर उभे राहणार आहेत. तिथे भट्टी आणि लाल सळई कुणाची थट्टा ऐकून थांबत नाही. ही सवय लावायला पैसे लागत नाहीत, लागते ती थोडी निलाजरेपणाची तयारी.

परत आल्यावर आजीने विचारलं, "काय पाहिलं माय तिकडं?" मी तिला त्या टाकीचा फोटो दाखवला. चष्मा वर-खाली करून तिने तो नीट बघितला आणि म्हणाली, "हात धुतल्यालं पाणी वाया जाऊ देत न्हाईत. शहाणे हायत की लोक!"

तर मंडळी, पुढच्या प्रॅक्टिकलला मी लेथसमोर उभी राहून ओरडणार आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. फक्त चकच्या समोर उभं राहून नव्हे!