कारखान्याचे बिल जिवाणूंच्या नावावर फाडू नका



औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला ज्यांची शेती आहे, त्यांना एक वास ओळखीचा आहे. रात्री ओढ्याकाठी टँकर उभा राहतो आणि सकाळी पाण्याला रंगाच्या डब्यासारखा गोडसर, उग्र वास येतो. तो विहिरीत उतरला की जनावर पाण्याला तोंड लावत नाही. आम्ही अर्ज दिले, बाटल्या भरून नेल्या. इतकी वर्षे उत्तर एकच असायचे : पुरावा काय? आता उत्तर बदलले आहे. साहेब हसून सांगतात, "काळजी कशाला करता? मातीत जिवाणू असतात, ते हे सगळे खाऊन टाकतात. विज्ञानच सांगते."

विज्ञान काय सांगते ते आम्ही वाचले. साहेबांनीही वाचावे.

बियाण्याला रायझोबियम चोळून पेरणारी माणसे आम्ही. जिवाणूंची आम्हाला नवलाई नाही, अढी तर मुळीच नाही. मातीतला स्यूडोमोनास पुटिडा हा जिवाणू खरोखरच अजब आहे. रंग, औषधे, कीटकनाशके बनवताना टोल्युईनसारखी द्रावके, म्हणजे सॉल्व्हंट, लागतात. जिवाणूचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. सॉल्व्हंट त्यात घुसते, आवरण सैल पडते, आतला ऐवज गळतो आणि जिवाणू मरतो. बहुतेक जिवाणूंची गत हीच. पण 1989 साली जपानच्या इनोए आणि होरिकोशी यांनी पुटिडाचा असा एक वाण जगापुढे ठेवला, की निम्मे टोल्युईन ओतलेल्या द्रवातही तो वाढत होता.

कसा? वावरात पाणी तुंबले तर आपण काय करतो? बांध घट्ट करतो आणि मोटर लावतो. हे जिवाणूही तेच करतात. आवरणातील स्निग्धाम्लांच्या वाकड्या साखळ्या काही मिनिटांत सरळ करून घेतात. वाकड्या काटक्यांच्या मोळीत फटी राहतात, सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, तसे. आणि आवरणात बसवलेल्या प्रथिनांच्या पंपांनी आत शिरलेले सॉल्व्हंट सतत बाहेर फेकतात. या मोटरला भारनियमन नाही, पण तिची ऊर्जा जिवाणूच्याच पोटातून जाते. तेवढी वाढ खुंटते.

आता मुद्द्याकडे लक्ष द्या. मोटर पाणी बाहेर काढते, संपवत नाही. ते शेजाऱ्याच्या वावरात जाते. जपानचा तो वाण टोल्युईनमध्ये जगत होता, टोल्युईन खात नव्हता! सोसणे वेगळे आणि पचवणे वेगळे. दोन्ही करणारे वाण आहेत. स्पेनमधील ग्रॅनाडा येथे सांडपाण्यात सापडलेला पुटिडा टोल्युईन सोसतो आणि खातोही. पण आपल्या ओढ्यातला कोणता, हे साहेबांनी कधी तपासले? आतली घाण पंपाने बाहेर फेकून स्वतः तगून राहायचे, ही विद्या तर कारखान्यालाही येते.

शिवाय टोल्युईन झपाट्याने फोडायला हवा लागते. यंत्रांचे ग्रीस धुणारे ट्रायक्लोरोएथिलीन मात्र मुख्यतः हवा नसलेल्या थरातले निराळेच जिवाणू फोडतात, क्लोरीनचा एकेक अणू काढत. हे काम मध्येच अडले तर व्हिनाइल क्लोराइड उरते, आणि ते माणसाला कर्करोग देते. म्हणजे अर्धवट सफाई कधी कधी मूळ घाणीपेक्षा वाईट. तेव्हा "सर्व प्रदूषणावर एकच कल्चर" म्हणून पुडी विकणाऱ्यांपासून सावध राहा. आपल्यातलेही काहीजण ती विहिरीत टाकून मोकळे होतात.

1989 सालीच अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजाचे तेल सांडले. तिथे जिवाणूंसाठी मुख्यतः काय केले? खत घातले! तेल खाणारे जिवाणू किनाऱ्यावर होतेच, त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडत होते. ते मिळाल्यावर तेल फुटण्याचा वेग वाढला. हे कोणत्याही शेतकऱ्याला न शिकवता कळेल. आमचा प्रश्न एवढाच, की इथे खत कोणी घालायचे? माती उलथून हवा कोणी द्यायची? तेवढी वर्षे पीक बुडेल ते कोणी भरायचे? जिवाणू फुकट राबतात म्हणून शेतकऱ्यानेही फुकट राबायचे?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिले आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिडच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. ते सॉल्व्हंट नव्हे, पण निकाल आपल्याही कामाचा आहे : ज्याने घाण केली त्याने सफाईचा खर्च द्यायचा. कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून वर्षे काढली. 2011 साली न्यायालयाने 37 कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितली. चक्रवाढ व्याज शेतकऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला लागल्याचे वाचून आम्हाला बरे वाटले.

आणि "माती मेली" म्हणत मातीमोल भावाने जमीन मागायला येणाऱ्या प्लॉटवाल्यालाही सांगा, की माती मेलेली नाही. नवी घाण थांबली, दुरुस्तीचा खर्च ज्याचा त्याने दिला, तर बरीच जमीन सुधारता येते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कारखान्याने सॉल्व्हंटचा जमाखर्च जाहीर करावा. किती विकत घेतले, ऊर्ध्वपातन करून किती परत मिळवले, किती मालात गेले, किती जाळायला पाठवले. जो हिशेब जुळत नाही तो आमच्या हवेत आणि ओढ्यात आहे.

जिल्हा बैठकीपूर्वी विहिरींचे नमुने घ्यायचे आहेत. मागच्या वेळी आपण प्लॅस्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या मोटारसायकलला लटकवून भर उन्हात नेल्या. सॉल्व्हंट वाटेतच उडून गेले आणि अहवाल स्वच्छ आला. या वेळी काचेची बाटली घ्या. आत हवेचा बुडबुडाही राहू नये अशी काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. प्रयोगशाळेला फक्त सीओडी काढायला सांगू नका, त्यात सॉल्व्हंटचे नाव कळत नाही; गॅस क्रोमॅटोग्राफीची तपासणी लेखी मागा. बाटलीवर गट नंबर, तारीख, वेळ लिहा. टँकर दिसला तर त्याचा नंबरही.