गाण्याच्या डबीची किंमत

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या खणातून एक जुना बिस्किटांचा डबा निघाला. आत संपलेले सेल, एका पायातलं पैंजण, कुठल्या कुलपाच्या कोण जाणे अशा दोन किल्ल्या आणि रुमालात गुंडाळलेली एक निळी डबी, आगपेटीपेक्षा जरा मोठी. चिरंजीवांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आई, हा कशाचा रिमोट?" म्हटलं, रिमोट नव्हे रे बाबा, हा एमपीथ्री प्लेअर. यात गाणी असायची. "नुसती गाणी? बाकी काहीच नाही?" असं म्हणून स्वारी खेळायला निघून गेली.

मी मात्र ती डबी हातात घेऊन स्टुलावर बसूनच राहिले. २००७ साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. शेजारच्या तीन मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले बाराशे रुपये मोजून ती घेतली होती. त्याच सुमारास मामेबहिणीला अमेरिकेतल्या काकांनी खराखुरा आयपॉड पाठवला होता. त्याच्यापुढे माझी डबी म्हणजे जरीच्या शालूशेजारी छापील पातळ. पण होती स्वकमाईची. पाच महिन्यांत ती चार्ज होईना. दुकानदार म्हणाला, "ताई, यातला सेल बदलता येत नाही. नवीनच घ्या." बाराशे रुपये पाण्यात! तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच बहुधा ती डबीही टाकवली नसावी.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या सासूबाई. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तरी बारीक दिसत नाही. दुपारी गाणी ऐकावीशी वाटतात. आमचे 'हे' म्हणाले, फोन आहे की! पण फोनवर अभंग रंगात आला की मध्येच जाहिरात, नाहीतर कुणाचा तरी फोन. "मला बाई बटण दाबलं की गाणं लागेल असं काहीतरी दे," आई म्हणाल्या. बाजारात गेले तर आठशेपासून सहा हजारांपर्यंत वाट्टेल ते भाव. एकदा पोळलेली मी. म्हटलं, या धंद्यातले भाव ठरतात तरी कसे ते समजल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही. मग वाचत बसले, आणि वाचताना मजा वाटत गेली. यात आपल्या वाणसामानाच्या हिशेबापेक्षा वेगळं फारसं काही नाही.

गाणी खिशात घालून हिंडायची सवय लावली ती जपानच्या सोनी कंपनीने, १९७९ मध्ये, वॉकमन काढून. त्याची किंमत तेव्हा ३३,००० येन होती. कॅसेट जाऊन संगणकातली गाणी आली ती १९९८ च्या सुमारास. त्या साली अमेरिकेत डायमंड कंपनीचा 'रिओ' नावाचा प्लेअर निघाला. किंमत २०० डॉलर आणि गाणी मावणार जेमतेम अर्ध्या तासाची! तरीसुद्धा रेकॉर्ड कंपन्या घाबरून कोर्टात गेल्या. त्या हरल्या आणि सगळ्यांनाच हे प्लेअर करायला रान मोकळं झालं.

ॲपलचा आयपॉड आला तो ऑक्टोबर २००१ मध्ये. ३९९ डॉलर, त्या वेळच्या दराने एकोणीस हजार रुपयांच्या घरात. हजार गाणी मावत होती खरी, पण पहिल्यांदा तो फक्त ॲपलच्याच संगणकाला जोडता येई. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने हजारभर गाणी मावतील असा प्लेअर त्याआधीच, २००० साली, काढलेला होता. कोरियाच्या आयरिव्हरचे प्लेअर होते, डेल होती. कुणी रेडिओ देई, कुणी आवाज टिपून घ्यायची सोय देई, कुणी भाव कमी लावी. मग ग्राहक आयपॉडकडेच का गेले? दिसायला देखणा, चालवायला सोपा, हे तर झालंच. पण खरी गंमत पुढे आहे.

२००४ मध्ये ॲपलने छोटा आयपॉड मिनी काढला, २४९ डॉलरला. तो हातोहात खपू लागला. आपण काय केलं असतं? चालतंय ते चालू द्या, म्हटलं असतं. ॲपलने २००५ च्या सप्टेंबरात हा जोरात खपणारा मिनी स्वतःच्या हाताने बंद केला आणि त्याच्या जागी पेन्सिलीइतका पातळ नॅनो आणला, १९९ डॉलरपासून पुढे. त्याच वर्षी जानेवारीत ९९ डॉलरचा, पडदासुद्धा नसलेला शफल काढून खालचं टोकही गाठलं होतं. स्वस्त माल घेऊन दुसऱ्याने दारात उभं राहायच्या आत आपणच उभं राहायचं, असा हा प्रकार.

हे परवडलं कसं? याचं उत्तर वाचलं आणि मी चक्क माझी खर्चाची वही काढली. या डब्यांतला महागडा भाग म्हणजे गाणी साठवणारी चिप. ॲपलने २००५ च्या नोव्हेंबरात सॅमसंग, हायनिक्स, तोशिबा, इंटेल आणि मायक्रॉन या पाच कंपन्यांना मिळून १२५ कोटी डॉलर आगाऊ देऊन २०१० पर्यंतच्या चिपा बांधून घेतल्या. आपण नाही का, हंगामात वर्षाचा गहू भरतो? वाण्याला पैसे रोख मिळतात, म्हणून तो भाव पाडून देतो. जी बाई महिन्याला पाच-पाच किलो आणते तिला श्रावणात चढा भाव मोजावा लागतो. इतर कंपन्यांची अवस्था या दुसऱ्या बाईसारखी झाली. फरक एवढाच की आपण गहू भरला म्हणून शेजारणीच्या घरची पोळी महागत नाही.

क्रिएटिव्हचं तर फार वाईट झालं. २००४ च्या अखेरीस त्यांच्या प्रमुखांनी, सिम वाँग हू यांनी, युद्धच पुकारलं आणि जाहिरातींसाठी १० कोटी डॉलर काढले. पुढच्या वर्षी कंपनी तोट्यात. शेवटी, गाण्यांच्या याद्या लावायची पद्धत आमची आहे, असा दावा त्यांनी लावला तेव्हा २००६ मध्ये ॲपलने १० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. जाहिरातीला घातले तेवढेच शत्रूकडून परत आले म्हणायचे! सोनीची तऱ्हा निराळी. १९८८ मध्ये तिने रेकॉर्ड कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे गाणीही घरची आणि यंत्रही घरचं. गाणी चोरीला जातील या धास्तीने तिने कित्येक वर्षं आपल्या प्लेअरवर एमपीथ्री सरळ वाजूच दिलं नाही. स्वतःच्या वेगळ्याच पद्धतीत बदलून घ्या, म्हणे. पाहुण्याने दारात चप्पल काढून, पाय धुऊन, वर दाखलाही आणायचा, तर पाहुणा शेजारी जाणारच. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये झून आणला तो आयपॉडच्याच भावात, अडीचशे डॉलरला. त्यात गाणं मैत्रिणीला हवेतून पाठवता येई, पण तिने ते तीनदाच ऐकायचं किंवा तीन दिवसांत! उसन्या साखरेला असली अट कुणी घातल्याचं ऐकिवात नाही. २०११ मध्ये झूनने गाशा गुंडाळला.

पण बायांनो, कमी भावाची दुसरी बाजूही वाचली. ॲपलच्या दुकानातून ९९ सेंटला घेतलेलं गाणं दुसऱ्या कुणाच्या प्लेअरवर वाजत नसे. शंभर गाणी घेतली की ग्राहक बांधला गेला. पुढचा प्लेअर घेताना तो स्वस्त कोणता हे बघणारच नाही. ही कुलपं २००९ मध्ये काढली, आणि त्याच वेळी मागणी असलेल्या गाण्यांचा भाव १ डॉलर २९ सेंट झाला. शिवाय बॅटरी! आयपॉडचीही बॅटरी घरी बदलता येत नव्हतीच. त्यावरून अमेरिकेत लोक कोर्टात गेले आणि २००५ च्या तडजोडीत सुरुवातीच्या आयपॉडवाल्यांना नवी बॅटरी किंवा ५० डॉलरचं खरेदीपत्र मिळालं. हे वाचून मला, खोटं कशाला सांगू, जरा बरं वाटलं. मामेबहिणीलाही कळवलं.

एवढी मारामारी झाली आणि या सगळ्यांना गिळलं ते फोनने. २००७ मध्ये ॲपलनेच आयफोन काढला, म्हणजे पुन्हा आपल्याच मालावर आपणच गदा. शेवटचा आयपॉड २०२२ च्या मे महिन्यात बंद झाला. आपल्याकडे मात्र एक नवल घडलं. फोनवरचं इंटरनेट स्वस्त होऊन गाणी जवळजवळ फुकट झाली, त्यानंतर २०१७ मध्ये सारेगामाने 'कारवाँ' काढला, जुन्या रेडिओच्या रूपाचा, आत पाच हजार हिंदी गाणी भरलेली, किंमत ५,९९० रुपये. लोक म्हणत असतील, फुकट मिळणाऱ्या वस्तूला सहा हजार कोण देणार? पण खपला! पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. गाणी नव्हे, ते फिरवायचं बटण विकलं त्यांनी. आईंसारख्यांना तेच तर हवं असतं.

तरी मी तो घेतला नाही, आणि कारण पैशाचं नव्हतं. दुकानात काय काय बघायचं ते मनाशी ठरवून गेले होते: बॅटरी बाहेर काढून बदलता येते का, घरची गाणी कार्डावर भरता येतात का, आणि वीज गेली, चार्जर हरवला तर कुठलाही चार्जर चालतो का. मग आईंना विचारलं, कुठली गाणी हवीत? मला वाटलं, लताबाई, आशाबाई, भीमसेनजी. आई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आमच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी आहेत ना, त्या." त्यांचं गावचं भजनी मंडळ. आठ बायकांतल्या आता दोघीच उरल्या आहेत. ही गाणी कुठली कंपनी विकणार?

अकराशे रुपयांचा, बाहेर नाव घेण्यासारखं काही नसलेला, पण मागचं झाकण उघडून बॅटरी बदलता येईल असा एक डबा आणला. दुकानदाराकडून जादा बॅटरी तेव्हाच मागून घेतली, एकशेवीस रुपयांना. भाच्याने जुन्या टेपला वायर जोडून सहा कॅसेटी कार्डावर उतरवून दिल्या. सातवीची फीत मध्येच तुटलेली होती, ती अजून त्याच्याकडेच आहे. 'पुढचं गाणं' या बटणावर मी लाल टिकली चिकटवली आहे, बोटाला लागते. परवा दुपारी शाळेतून आले तर आई डबा कानाशी धरून बसलेल्या. "ऐक ऐक, ही टाळ चुकवतेय ती सुमन," म्हणाल्या, आणि मला पर्स ठेवायलाही वेळ न देता तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितलं.