आधी सूत, मग रंग



आपल्या बेळगावात जुन्या गाड्या परत रस्त्यावर दिसायला लागल्यात. बुलेट, येझदी, राजदूत. क्रोम चमकतंय, टाकीवर सोनेरी पट्टे ओढलेले. बघून बरं वाटतं. पण मी जवळ जाऊन एकच प्रश्न विचारतो आणि बरेच जण जरा नाराज होतात. "मागचं चाक सुतात आहे का?"

हा प्रश्न मला कसा सुचला ते सांगतो. त्यात माझीच चूक आहे.

आमच्या आप्पांची 1978 ची बुलेट. आप्पा गेल्यावर सात-आठ वर्षं ती शहापूरच्या घरात पोत्याखाली उभी होती. लेक म्हणाली, "बाबा, चालू करून घेऊया. मी चालवते." मग दुसऱ्या गावच्या एका दुकानात दिली. चार महिन्यांनी गाडी आली ती नवरीसारखी. बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही, पण मला आप्पाच परत आल्यासारखं वाटलं.

लेक गाडी घेऊन चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला गेली. रात्री फोन. "बाबा, गाडी डावीकडे खेचते. उजव्या वळणाला वळवायला जोर लागतो."

मी काय म्हणालो? "तू हँडल घट्ट धरायलीस. जुनी गाडी आहे, सवय होईल."

दुकानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही बाजूचे खाचे मोजून बसवलंय." माझं समाधान झालं. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकीने बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला आणि गाडीवर प्रत्यक्ष बसलेल्या पोरीवर ठेवला नाही. परत येताना कणकुंबीच्या अलीकडे समोरून ट्रक आला, तिने गाडी उजवीकडे घ्यायला बघितली, ती वेळेवर वळली नाही. गाडी मातीत उतरली, पडली नाही एवढंच. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि आत गेली.

तेव्हा मला आमचे मिस्त्रीमामा आठवले. आप्पांची गाडी तेच बघायचे. ते घरी कानडी बोलत, आमच्याशी मराठी. ते 'दारा' म्हणायचे, आम्ही 'दोरा'. त्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण दोघांनाही तो सरळच पाहिजे होता. चेन ओढली की मामा खाचे मोजायचे नाहीत. खिशातून गवंड्याचं सूत काढायचे. म्हणायचे, "खाचा कारखान्यात पडला. गाडी त्यानंतर किती वेळा पडली, ते खाच्याला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला हाक मारली. "ये, बघूया." दोघं अंगणात बसलो.

सामान काय? गवंड्याचं नायलॉनचं सूत, चार विटा, स्टीलची पट्टी, सायकलची एक जुनी तार आणि ट्यूबमधून कापलेली रबराची चकती. शंभर रुपयांच्या आतलं काम.

गाडी मधल्या स्टँडवर. सूत मागच्या टायरला पाठीमागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे आणायचं. स्टँडला, सायलेन्सरला लागणार नाही एवढ्या उंचीवर. पुढच्या चाकाच्या पुढे दोन्ही टोकं विटांना बांधायची. मग विटा हळूहळू आत सरकवायच्या, सूत मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसतं टेकेपर्यंत. टेकलं पाहिजे, वाकता कामा नये. आता पुढचं चाक सरळ करायचं आणि दोन्हीकडची फट बघायची. जुन्या बुलेटला दोन्ही टायर 3.25 - 19 असतील तर सूत पुढच्या टायरलाही चारी ठिकाणी घासून जातं. पुढचा टायर बारीक असेल तर दोन्हीकडे सारखी फट दिसते.

आमच्याकडे डाव्या बाजूला दोन सूत फट, म्हणजे पाव इंच. उजवीकडे सूत टायरवर चढलेलं. मागच्या चाकाचं तोंड डावीकडे होतं. गाडी खेचत होती ती डावीकडेच.

लेकीने सूत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "आता पुढं सांगा."

मग तार. तिचं एक टोक टोकदार करून वाकवायचं, वर रबराची चकती घट्ट बसवायची. टोक स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यावर, चकती एक्सलच्या मध्यावर. तसंच दुसऱ्या बाजूला लावून बघायचं. चकती जेमतेम एक मिलिमीटर चुकली. लेक म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय?" हिशोब तिच्याकडूनच करून घेतला. ॲडजस्टरमधलं अंतर सात-आठ इंच, दोन चाकांतलं चोपन्न. मागे एक मिलिमीटर, तर पुढे सहासात. पाव इंच तिथून आला.

आणि खाचे? दोन्हीकडे अगदी सारखे! दुकानवाला खोटं बोलला नव्हता. बुलेटला गोगलगाईसारखे वळलेले ॲडजस्टर असतात. आमचा एक जुना, झिजलेला. दुसरा नवा, वेगळ्या बनावटीचा. नंबर जुळले, चाक जुळलं नाही. दोन्ही एकाच जातीचे आणून बसवले, चाक पुढे दाबून धरलं, एक्सलचा नट आवळला आणि सूत परत लावलं. कारण आवळताना चाक हलतं. शेवटी चेन सगळ्यात ताणलेल्या जागी इंचभर सैल आहे का बघितलं, ब्रेकची रॉड जुळवली, कारण चाक सरकलं की तीही बदलते.

एक खबरदारी. सूत बरोबर आलं आणि चेन मात्र स्प्रॉकेटवर एका बाजूला घासतेय, दात आतून एकाच अंगाला चकाकतायत, तर दोष एक्सलचा नाही. रिम आऱ्यांवर सरकलेली असेल, नाहीतर स्विंगआर्म वाकलेला. तिथं घरचा दोरा थांबतो, जाणकाराकडेच जायचं. लेझरची यंत्रं आलीत, तीही चांगली. माझं भांडण यंत्राशी नाही, न बघता 'झालंय' म्हणण्याशी आहे.

जुनी गाडी उभी करणं म्हणजे आठवण जपणं, असं आपण म्हणतो. पण आठवण रंगात नसते. आप्पांचा हात चाळीस वर्षं त्या हँडलवर निर्धास्त होता, कारण एक माणूस गुडघ्यावर बसून सूत धरत होता. आपण त्याचं सूत टाकून दिलं आणि रंगाला पैसे मोजले. त्या गाडीवर पोरांना बसवायचं असेल तर आधी सूत, मग रंग. आणि चालवणारा म्हणाला 'खेचते', तर त्याला शिकवायला जाऊ नका. आधी विटा आणा.

लेक गेल्या महिन्यात परत चोर्ल्यातून जाऊन आली. यावेळी फोन उशिरा आला. मी घाबरून विचारलं, "कशी आहे गाडी?"

"गाडी काय, सुतात आहे. बाबा, माझ्या मैत्रिणीच्या काकांची येझदी आहे. रविवारी ते सूत मला द्याल?"

दिलं. परत मागितलेलं नाही.