बक्षीस कशाचे? जखम लपविण्याचे?

ता. २० ऑगस्ट २०२१ रोजी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरील गाडी उलटली. गाडीत लोखंडी सळया, आणि त्याच गाडीत मजूर कोंबलेले. १३ जीव गेले.

आता शहाणे लोक सांगतात, मजुरास बक्षिसाची गोडी लावा, म्हणजे तो जपून वागेल. महिनाभर अपघात न झाल्यास टोळीस रोख इनाम! वाहवा! ज्याचे बोट चेंगरले तो साऱ्यांचे इनाम बुडेल म्हणून चिंधी बांधून गप्प बसणार, आणि मुकादम वहीत 'अपघात नाही' असे लिहिणार. सळयांच्या गाडीत बसणाऱ्याने जपावे तरी कसे? माणसांसाठी निराळी गाडी करणे धन्याच्या हाती आहे, मजुराच्या नव्हे.

इनाम द्यायचेच तर मोडकी परांची, कुजका दोर वेळीच दाखविणारास द्या. त्याचा रोज बुडवू नका. कंत्राटदाराचे बिल मात्र अडवा. १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर किमान शेकडा १ उपकर मजुरांच्या कल्याणासाठी ठरला. तो काय मेल्यावर वारसास देण्यापुरताच? शेतकरी बंधूंनो, घरचा गडी कामावर धाडण्यापूर्वी मुकादमास एवढेच विचारा, की याला नेणार कोणत्या गाडीतून?